रॅलेचा सांगाडा

जुनी सायकल दुरुस्त करावी की नाही, हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणाला पडत नसे. सायकल मोडली की ती दुरुस्त व्हायची. चिमटा वाकला तर चिमटा बदलायचा, रिम गेली तर रिम, तारा तुटल्या तर तारा. वीस वर्षांनी तिच्यात मूळचं असं काय उरलंय, ते मालकालाही सांगता यायचं नाही आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. आता मात्र हा प्रश्न पडू लागला आहे. वाडे पडतात, माळे रिकामे होतात आणि जिन्याखालच्या अंधारातून सायकलींचे सांगाडे बाहेर येतात. भंगारवाला ते किलोवर मागतो. हॉटेलवाला पिवळा रंग देऊन भिंतीवर टांगायला मागतो. आणि घरातलं एखादं माणूस म्हणतं, थांबा, ती बाबांची आहे. मग कुणीतरी माझं नाव सुचवतं. मी इतिहासाचा मास्तर, आयुष्यभर कागद वाचले. निवृत्तीनंतर लोखंड वाचायची सवय लागली, एवढंच.

पुणं हे सायकलींचं शहर होतं, हे आता सांगावं लागतं. सकाळच्या वेळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेला सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. डबा कॅरिअरला, पँटीच्या पायाला चाप, आणि घंटी वाजवायची गरजच नाही, कारण पुढे सायकल, मागे सायकल. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा. डबलसीट दिसली की धरायचा. दरवर्षी पालिकेचा कर भरून बिल्ला घ्यावा लागायचा, तो सायकलला अडकवून मिरवायचा. पुढे आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या, १९७२ साली लूना आली, आणि सायकल हळूहळू घराच्या दारातून जिन्याखाली गेली. पण हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते त्या सायकलींच्या जन्माबद्दल, कारण सांगाडा ठेवायचा की टाकायचा हे ठरवताना पहिला प्रश्न तोच येतो: ही आली कुठून?

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक सायकली इंग्लंडहून येत. रॅले नॉटिंगहॅमची. फ्रँक बॉडेन नावाच्या गृहस्थाने रॅले स्ट्रीटवरच्या एका छोट्या कारखान्यात पैसे घातले आणि १८८८ साली कंपनी काढली. गल्लीचं नाव सायकलला मिळालं आणि जगभर गेलं. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हे मूळचे बंदुका करणारे लोक, म्हणून त्यांच्या चिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. हर्क्युलिसही बर्मिंगहॅमचीच, १९१० सालची. शिवाय हंबर होती, रज होती. या दोन्ही पुढे रॅलेनेच गिळल्या, हंबर १९३२ साली आणि रज १९४३ साली, पण नावं आणि थाट वेगळे ठेवले. हंबरचा पुढचा चिमटा दुपदरी असे, म्हणजे चाकाच्या प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या. आणि पायडलच्या चक्राकडे बघावं. हंबरच्या चक्रात पाच माणसं धावताना कोरलेली, रजच्या चक्रात हाताचा पंजा, रॅलेच्या चक्रात बगळ्याची मुंडकी. हर्क्युलिसच्या चक्रात सरळ कंपनीचं नावच कापलेलं. निरक्षर माणसालाही दुरून कळावं की कुणाची सायकल चालली आहे. आजच्या सायकलींवर एवढी अक्षरं असतात, पण असा एकही बगळा नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं आणि माझ्यासारख्यांचं काम अवघड झालं. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्सची स्थापना झाली आणि तिथे हर्क्युलिस तयार होऊ लागली, पुढे बी.एस.ए.सुद्धा. बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले उभी राहिली. सोनिपतला १९५१ साली ॲटलस, लुधियानाला १९५६ साली हिरो. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल होती, तिला विसरू नये. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोघींचं नशीब शेवटी एकाच कागदावर लिहिलं गेलं. १९८० साली संसदेने एकाच कायद्याने दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. दोन्ही पुढे बंदच पडल्या. आणि तिकडे नॉटिंगहॅमलाही २००२ साली रॅलेचं उत्पादन थांबलं.

म्हणजे झालं असं, की सायकलच्या कपाळावरचं नाव तेच, पण ती बर्मिंगहॅमची की अंबत्तूरची, नॉटिंगहॅमची की आसनसोलची, हे नावावरून कळेना. घरोघरी मात्र एकच उत्तर असतं: विलायती आहे! मी जितके सांगाडे पाहिले, त्यांतल्या घरच्यांनी एकही देशी असल्याचं सांगितलेलं नाही. कपाळावरचा बिल्ला दोन रिव्हेटवर असतो, तो काढून दुसऱ्या सायकलला लावणं हे काही फार मोठं कसब नाही. त्यामुळे बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये. आणि कृपा करून तो चिंचेने घासू नये. घासला की वरचा रंग आणि मुलामा जातो आणि खाली नुसतं पितळ उरतं, देवघरातल्या तांब्यासारखं.

अशीच एक सायकल, खरं तर सायकलचा नुसता सांगाडा आणि चिमटा, मागच्या वर्षी शनिवार पेठेतल्या एका बाईंनी मला दाखवला. वय सत्तरीच्या पुढे. वडील खडकीच्या कारखान्यात होते. त्यांनी कारखान्यातल्याच कुणाकडून ही जुनी रॅले विकत घेतलेली. वाडा विकासकाकडे गेला तेव्हा ती बाहेर निघाली. चाकं, सीट, हँडल कधीच गेलेलं. त्यांचे धाकटे बंधूही आले होते. त्यांचा बेत ठरलेला होता. सांगाडा घासून, काळा कुळकुळीत रंग देऊन, नवे सुटे भाग घालून सायकल उभी करायची आणि नातवाला त्याच्या अठराव्या वाढदिवसाला द्यायची. नातू कॉलेजला सायकलवरून जाणार होता. बाईंना ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते त्यांना सांगता येत नव्हतं. "सर, तुम्ही बघा आणि सांगा. तुम्ही म्हणाल तसं," असं दोघंही म्हणाले. मला या वाक्याची भीतीच वाटते.

सुटे भाग मिळाले असते, तो प्रश्न नव्हता. इंग्लंडमध्ये अशा जुन्या रोडस्टरचे भाग शोधत हिंडावं लागतं. आपल्याकडे तीच १८८५ सालच्या 'रोव्हर'च्या वंशातली, अठ्ठावीस इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची काळी सायकल अजून तयार होते आणि दूधवाल्याच्या कॅनखाली दिसते. चाकं, मडगार्ड, ब्रेकच्या दांड्या बाजारात मिळतात. सांगाडा चांगला असेल तर बाकी सगळं उभं करता येतं. म्हणून सगळी परीक्षा सांगाड्याची.

आधी दोरा लावला. हे कुणालाही घरी करता येतं. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधायचा, तो पुढे नेऊन हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून मागे दुसऱ्या खाचेला आणायचा, आणि ताणायचा. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर सांगाडा सरळ. इथे जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक निघाला. एवढ्याने काही बिघडत नाही.

मग पायडलच्या आसाची पेटी उघडली. पाऊस सीटच्या नळीतून आत उतरतो आणि इथे साचतो. सायकल कुजते ती इथून, बाहेरून नाही. कप काढले. आट्यांचं माप लावलं तर इंचाला सव्वीस आटे. इथे मला आनंद झाला, कारण जगभरच्या बहुतेक इंग्रजी धर्तीच्या सायकलींना, आपल्या देशी सायकलींनासुद्धा, इथे इंचाला चोवीस आटे असतात. सव्वीस आट्यांचा हट्ट नॉटिंगहॅमच्या रॅलेचा. बाजारातला कप त्यात बसत नाही, आणि गल्लीतला एखादा कारागीर हातोड्याने बसवतो तेव्हा दोन्हीकडचे आटे जातात. कपाळावरच्या बिल्ल्याची छिद्रंही मूळचीच होती, रंगाखाली कुठे बुजवलेली जुनी छिद्रं नव्हती. म्हणजे घरच्यांचं म्हणणं या वेळी खरं निघालं. सांगाडा विलायती होता. काळ सांगायला दुसरा पुरावा म्हणजे बंधूंनी एका डब्यात जपून ठेवलेले महापालिकेचे बिल्ले. सगळ्यांत जुना १९५३-५४ चा. तेव्हा ती पुण्याच्या रस्त्यावर होती, एवढं नक्की.

मागच्या खालच्या नळ्या पेटीत उघडतात. त्यांत तार घालून हलवली तर करडी, मैद्यासारखी बारीक माती बाहेर आली. बाई म्हणाल्या, "पानशेतची!" १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा वाड्याच्या तळमजल्यावर पाणी होतं आणि सायकल दोन दिवस चिखलात होती, हे त्यांना आठवत होतं. ती माती पानशेतची म्हणण्याचा मोह मलाही झाला. पण त्यानंतर ही सायकल किती पावसाळ्यांतून गेली असेल! मातीवर तारीख नसते. मी ती एका कागदी पुडीत घालून त्यांना दिली आणि पुडीवर फक्त 'मागच्या नळीतून निघालेली' असं लिहिलं. बंधूंना हे फार हास्यास्पद वाटलं.

एव्हाना त्यांना वाटत होतं की परीक्षा पास झाली. मीही तशाच समजुतीत पुढची तिरकी नळी, म्हणजे हँडलच्या बुंध्यापासून पायडलकडे उतरणारी, खालून हाताने चाचपली. बुंध्यापासून दोन बोटांवर बोट अडखळलं. सुरकुती होती. कापडाला चुणी पडावी तशी नळीच्या पोटाला एक बारीक आडवी चुणी. उजेडात धरल्यावर दिसली. अशी चुणी एकाच प्रकाराने पडते: पुढचं चाक जोरात कशावर तरी आदळलं आणि सांगाड्याचं डोकं मागे रेटलं गेलं.

मग चिमट्याकडे नीट पाहिलं. रॅलेच्या चिमट्याचे खांदे गोल असतात आणि त्यांवर चकाकत्या टोप्या असतात. हा चिमटा सपाट खांद्याचा, साधा, देशी. त्याचे आटेही चोवीसचे. म्हणजे मूळ चिमटा कधीतरी निकामी झाला आणि दुसरा घातला गेला. चुणी आणि बदललेला चिमटा एकत्र ठेवले तर अपघात नाकारता येत नाही.

आता तो केव्हाचा? इथे रंग बोलू लागला. सांगाड्यावर दोन रंग होते. खाली कारखान्याचा भट्टीत भाजलेला काळा, त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघांचे अवशेष. वर ब्रशने फासलेला हिरवा, बहुधा घरीच दिलेला. भिंगातून पाहिलं तर चुणीच्या जागी काळा रंग बारीक तडकलेला होता आणि हिरवा त्या तडांच्या आत उतरलेला होता. देशी चिमट्यावरही तोच हिरवा. म्हणजे आधी अपघात, मग नवा चिमटा, मग हिरवा रंग. आणि सांगाड्याच्या वरच्या आडव्या दांडीवर हिरव्या रंगाला खरवडून गेलेले दोन पट्ट्यांचे व्रण होते, चार बोटांच्या अंतरावर. हे कशाचे, म्हणून मी विचारलं.

बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी सीट." दांडीला पट्टीने आवळलेली लहान मुलांची सीट असे, आठवत असेल तुम्हाला. त्यांचा जन्म १९५४ चा. तीन-चार वर्षांच्या असल्यापासून वडील त्यांना त्या सीटवर बसवून नदीकाठी फिरवायचे, पुढे शाळेत सोडायचे.

म्हणजे अपघात त्याच्याही आधीचा. बाईंनी आठवून सांगितलं, की आपण अगदी लहान असताना बाबा दीड-दोन महिने घरी होते, खांद्याचं हाड मोडलं होतं, असं आई सांगायची. पण आई म्हणायची, ते घाटाच्या पायरीवरून घसरले. "बाबांनी आईला सायकलवरून पडल्याचं सांगितलंच नसेल. नाहीतर तिने मला त्या दांडीवर बसू दिलं असतं होय?" मी म्हटलं, ताई, सांगाडा एवढंच सांगतो की ही सायकल आदळली. तेव्हा चालवत कोण होतं, ज्यांच्याकडून तुमच्या वडिलांनी ती घेतली त्यांच्याच हातून तर आदळली नाही ना, हे तो सांगत नाही. त्यांनी मान हलवली, पण माझं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं. इतिहासाच्या वर्गातही असंच होतं. पुरावा जिथे थांबतो तिथे माणूस थांबत नाही.

बंधूंनी मात्र नेमका मुद्दा काढला. "सर, चुणी पडलेल्या सायकलवरून बाबांनी पुढे पंचवीस वर्षं खडकी गाठली. ताईला पुढे बसवून. मग आता काय होणार आहे?" प्रश्न सोपा नव्हता आणि उडवून लावण्यासारखाही नव्हता. पोलाद एकदम दगा देत नाही. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती एका क्षणी तुटते, तसं प्रत्येक खड्ड्याला त्या चुणीत थोडं थोडं होत राहतं. पंचवीस वर्षांचे खड्डे तिने आधीच खाल्लेले आहेत. त्यात आतून गंज. मी टोच्या लावून पाहिला तर चुणीच्या एका कडेला पत्रा दबत होता. ती नळी तुटली तर चालवणाऱ्याचं तोंडच रस्त्यावर आपटणार. चालवणार होता अठरा वर्षांचा मुलगा, तोही आजच्या कर्वे रस्त्यावर. मी सांगितलं, ही नळी आहे तोवर ही सायकल रस्त्यावर नेऊ नका.

नळी बदलता येते. या जुन्या सांगाड्यांची गंमतच ती आहे. नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात, पोलादी खोबणींत बसवून मधल्या फटीत पितळ वितळवलेलं असतं. तापवलं की पितळ सुटतं, जुनी नळी निघते, नवी बसते. पण तेवढा हात असलेले कारागीर आता मोजके. चौकशी केली, तर खर्च साध्या नव्या सायकलीच्या किमतीहून जास्त आला. शिवाय त्या आचेने आणि नंतरच्या घासण्याने दोन्ही रंग जाणार. वरच्या दांडीवरचे पट्ट्यांचे व्रण जाणार. मी असा एक प्रसंग जवळून पाहिलेला आहे. माझ्या परिचितांनी दुपदरी चिमट्याची एक सुंदर हंबर रंगवायला दिली. कारखानदाराने वाळूचा फवारा मारून ती स्वच्छ पांढरी केली आणि वर इतका जाड रंग चढवला की सांगाड्यावरचा क्रमांकसुद्धा बुजून गेला. आता ती चकाकते. कुठली, कधीची, काहीही कळत नाही.

बहीण-भावांचं माझ्यासमोरच जुंपलं. ते म्हणाले, "ताई, अगं, माळ्यावर टाकून काय उपयोग? बाबांची सायकल चालायला हवी." त्या म्हणाल्या, "नवी नळी, नवी चाकं, नवा रंग. मग त्यात बाबांचं काय राहिलं रे?" मला दोघंही बरोबर वाटत होते. वडिलांनी स्वतः चिमटा बदलला होता, हिरवा रंग फासला होता. जुनी वस्तू जशी आहे तशी ठेवावी, हा विचारच त्यांच्या डोक्यात आला नसता. ते भावाच्या बाजूने बोलले असते, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूचा. चालणारी सायकल बाजारात मिळते. दांडीवरचे ते दोन व्रण मिळत नाहीत.

शेवटी नातवानेच वाद मिटवला. त्याला आजीच्या सीटची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "आजोबा, मला गिअरवाली हवी होती, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो." सांगाडा रॉकेलने पुसून, बारीक तेलाचा हात फिरवून, नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत छपराखाली टांगला आहे. चुणीखाली बंधूंनी एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे: 'ही चालवू नये.'

पेटीतून काढलेले दोन कप तेवढे माझ्याकडे राहिले होते. सव्वीस आट्यांचे, पोलाद अजून गुळगुळीत. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे नॉटिंगहॅमचीच रॅले आहे. सांगाडा खणखणीत, पण एक कप झिजलेला, म्हणून दोन वर्षं भिंतीला टेकून उभी. बाईंची परवानगी घेऊन मी दोन्ही कप कुरिअरने पाठवले. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, हे त्या मास्तरांना चांगलं माहीत होतं. तरी मी फोन करून पुन्हा सांगितलंच.